येलोटेल डॅमसेल की ब्लू डेव्हिल? पहिला निळा मासा घेण्याआधी

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी, पहिल्यांदाच लावताय, मासा छोटा हवा, काटक हवा आणि निळाजर्द हवा, तर गाडी फिरून फिरून या दोघांपाशीच येऊन थांबते. येलोटेल डॅमसेल म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा आणि ब्लू डेव्हिल म्हणजे क्रिसिप्टेरा सायनिया. भाऊबंदच म्हणायचे, दुकानात टाक्याही शेजारशेजारी, आणि बरेच दुकानदार दोघांनाही नुसतं ब्लू डॅमसेल म्हणून मोकळे होतात. पण स्वभाव बघाल तर एक त्यातल्या त्यात गुणी आणि दुसरा पक्का दादा, आणि ते का हे कळायला समुद्रात कोण कुठे राहतो ते बघावं लागतं.

येलोटेल पश्चिम पॅसिफिकचा, फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटं. साधारण 1 ते 16 मीटर खोलीवर, लाटांचा मार नसलेल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आडोशाच्या शांत पाण्यात, जिथे ॲक्रोपोरा नावाचं फांद्याफांद्यांचं प्रवाळ दाट वाढलेलं असतं तिथे. फांद्यांच्या जरा वर तरंगायचं, पाण्याबरोबर वाहत येणारे प्लवक, म्हणजे बारीक तरंगते जीव, टिपायचे आणि वरून सावली पडली की फांद्यांत गडप. जेवण आपल्या पायाने चालत येतंय म्हटल्यावर हद्द राखत बसायची त्याला तेवढी गरज नसावी, असं आपलं माझं मत. वाढतो तो 7 सेंटीमीटरपर्यंत.

ब्लू डेव्हिलचा पसारा मोठा, इंडोनेशिया-फिलिपिन्सपासून जपानच्या र्युक्यू बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपर्यंत. पण राहतो उथळ पाण्यात, 10 मीटरच्या आतच, रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, सपाट भागावर तुटक्या प्रवाळाचा खच पडलेला असतो त्यात. प्लवक खातोच, शिवाय शेवाळही. एक नर, त्याच्या हद्दीत काही माद्या आणि पिल्लं, असा संसार, म्हणजे बीळ, बायका आणि दाणापाणी सगळं त्या एका तुकड्यात, मग दुसरा नर दिसला की तो अंगावर जाणार नाही तर काय करणार! आता हाच गडी शंभर लिटरच्या काचेत टाका, जिथे हरलेल्याला पळायला जागाच नाही, आणि बघा काय होतं ते. टँकमध्ये शेवटी सोडलेला बरा, कारण आधी सोडलात तर सगळे दगड त्याच्या नावावर होतात.

खरेदी करताना मात्र नीट बघा, कारण ब्लू डेव्हिलच्या काही भागांतल्या नरांची शेपटीही नारिंगी-पिवळी असते आणि तो सर्रास येलोटेल म्हणून गळ्यात मारला जातो. येलोटेलचा पिवळा रंग शेपटी आणि तिच्या बुंध्यापुरताच, लिंबासारखा स्वच्छ, नर-मादी सारखेच दिसतात. ब्लू डेव्हिलच्या मादीला पाठीवरच्या पराच्या शेवटी, बुडाशी, एक काळा ठिपका असतो, तो दिसला की विषय संपला. पिवळा रंग पोटापर्यंत आलेला असेल तर तो तिसराच, क्रिसिप्टेरा हेमिसायनिया, तोही चांगला मासा आहे. आणि ब्लू डेव्हिल काळपट दिसला तर लगेच आजारी समजू नका, त्याच्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच, कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्यांवरून उजेड परततो म्हणून निळं दिसतं आणि घाबरला की तो बघता बघता गडद होतो. तासाभराने परत बघा, तरी काळाच असेल तर घेऊ नका.

घरी अंडी दोघंही घालू शकतात. दगडावर चिकटवतात, राखण नर करतो, परांनी पाणी मारत राहतो, आणि त्या दिवसांत येलोटेलसुद्धा हात आत घातला की टोचायला येतो. पिल्लं जगवणं मात्र वेगळंच प्रकरण, तोंड इतकं बारीक असतं की नेहमीचं खाणं मावतच नाही.

लक्षद्वीप-अंदमानात सापडणारे ग्रीन क्रोमिस आणि काळ्या पट्ट्यांचा हंबग यांचाही विचार लोक करतात. हंबग लहानपणी गोड दिसतो, मोठेपणी ब्लू डेव्हिलच्या वरताण. क्रोमिस गरीब, पण थव्याशिवाय शोभत नाही आणि टाकीत थवा एकेक करून कमी होत जातो.

माझं मत विचाराल तर टँक शंभर-सव्वाशे लिटरचा असेल तर डोळे मिटून येलोटेल, एक किंवा दोन. ब्लू डेव्हिल हवाच असेल तर एकच, मोठ्या टँकमध्ये आणि दणकट शेजाऱ्यांबरोबर. आणि 'सायकल करायला टाका, डॅमसेल मरत नाही' असं कोणी म्हटलं (सायकल म्हणजे नव्या टाकीत विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होऊ देणं) तर ऐकू नका, अमोनियात तोही भाजतोच, तीन-चार आठवडे टाकी माशांशिवाय चालू द्या.

फांद्यांसाठी खरं प्रवाळ आणायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच यादीत आहे. सिरॅमिकच्या फांद्या मिळतात, येलोटेलला त्या चालतात, ब्लू डेव्हिलसाठी दगड असे रचा की मधे भरपूर बिळं राहतील.