प्रोसेसरची खोड कुठे सांभाळायची: बूटलोडरमध्ये की कर्नलमध्ये?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मिरगाचं वारं सुटलं की लाइन जाते, आणि डीपी जळाली तर ती कधी येईल याचा नेम नसतो. जिनिंगचा काटा किंवा ठिबकचा कंट्रोलर लिनक्सवर चालवणार असाल, तर हे आधी ध्यानात घ्या.

सिलिकॉनमधली, म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्येच राहून गेलेली चूक दुरुस्त होत नाही. मारका बैल जसा बाजू पाहून जुंपतात, तशी तिला बगल द्यावी लागते.

बूटलोडर म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणून काम सोपवणारा छोटा प्रोग्राम. तो कर्नलच्या आधी चालतो, आणि बहुतेकदा जास्त अधिकारांनिशी. एआरएमच्या कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसरच्या काही आवृत्त्यांत एराटम ७४३६२२, म्हणजे त्या क्रमांकाचा जाहीर दोष, आहे. मेमरीत लिहायचा डेटा थोडा वेळ धरणाऱ्या स्टोअर बफरमधल्या या दोषामुळे अगदी क्वचित डेटा बिघडतो. उपाय प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधला, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यातला, एक बिट लावण्याचा आहे, पण कमी अधिकारांच्या नॉन-सिक्युअर मोडमध्ये चालणाऱ्या कर्नलला तो बिट लावता येईलच असं नाही. म्हणून अनेक प्रकारच्या बोर्डांसाठी बांधलेला लिनक्स कर्नल हे काम बूटलोडरवरच सोडतो. इथे निवडीला जागाच नाही. यू-बूट हा अशा बोर्डांवरचा नेहमीचा बूटलोडर; तो बांधताना तो पर्याय चालू आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जुन्या यू-बूटवर नवा कर्नल चढवला आणि दोघांपैकी कुणीच तो बिट लावला नाही, तर स्क्रीनवर काहीही दिसत नाही. मला धाक याचाच आहे. बोर्ड बंद पडला तर कळतं. काट्यावरचा आकडा बिघडला तर कापूस आणणाऱ्याचे पैसे जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही.

बाकी बहुतेक ठिकाणी माझा कौल कर्नलला. १९९७ साली पेंटियममध्ये सापडलेल्या एफ००एफ बगने साधा प्रोग्रामही अख्खं मशीन गोठवू शकत होता. २०१८ मध्ये प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचू देणारा मेल्टडाउन दोष उघड झाल्यावर कर्नलला स्वतःची पेज टेबलं, म्हणजे मेमरीत काय कुठे आहे याचे नकाशे, प्रोग्रामांपासून वेगळी करावी लागली. हे उपाय मशीन चालू असताना सतत लागतात, आणि बूटलोडर तोवर काम सोपवून निघून गेलेला असतो. प्रोसेसरचा कोअर, म्हणजे काम करणारा भाग, वीज वाचवायला झोपून उठला की काही रजिस्टरं कोरी होतात. तीही तेव्हा कुणीतरी पुन्हा भरावी लागतात.

इंटेल-एएमडीच्या पीसीत मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना बदलणाऱ्या दुरुस्तीचा, मार्ग दोन्हीकडून आहे. बायोस, म्हणजे मदरबोर्डावरचं कर्नलच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलं तर तो सगळ्यांत लवकर लागतो. पण ते बोर्डाच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलं जात असताना लाइन गेली तर मदरबोर्ड हातचा जाऊ शकतो. कर्नल तोच मायक्रोकोड दर बूटला सुरुवातीलाच नव्याने चढवतो, बोर्डाच्या फ्लॅशला हात लागत नाही, आणि नवा कर्नल बिनसला तर मेनूतून जुना निवडता येतो. भरवशाचा यूपीएस नसेल तर बायोसच्या वाटेला जाऊ नका.

नवा बोर्ड घेताना मेमरी कार्डावरून बूटलोडर उचलणारा घ्या. तो बिघडला तर तयार केलेलं दुसरं कार्ड एसटीने गावात पोचतं, आणि ते बदलायला मेकॅनिक लागत नाही.