राइडिंग लॉनमोवरसाठी कार्बोरेटर दुरुस्ती किट: नवा कार्बोरेटर मागवण्याआधी हे घ्या

माझ्या राइडिंग लॉनमोवरचं (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) इंजिन सुरू व्हायचं, काही सेकंद भकभक करायचं आणि बंद पडायचं. चोक (कार्बोरेटरची हवा कमी करणारी झडप) ओढून धरला की थोडं जास्त टिकायचं. चोकवरच चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, हे उघड होतं. अशा वेळी बहुतेक जण सरळ अख्खा कार्बोरेटर बदलतात. मी दुरुस्ती किट घेतलं आणि काम झालं.

पण किट मागवण्याआधी एक गोष्ट नक्की बघा, कारण सोबतच्या कागदावर तिचा उल्लेखच नाही. इंजिन गार असताना कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. पंप असेल तर स्पार्क प्लगची वायर काढून अर्थ करा (इंजिनच्या धातूला जोडा) आणि स्टार्टर थोडा फिरवा. धार नीट आली पाहिजे. ठिबकत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. लगेच धार वाढली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, कार्बोरेटरचा काही दोष नाही. काही मोवर छान चालता चालता पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतात, त्यांच्यातही पुष्कळदा हेच निघतं. पंप क्रँककेसमधल्या (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातल्या) दाबावर चालणारा असेल तर त्याची बारकी नळी वाकवून बघा. तडा गेला असेल तर पेट्रोल वर चढणारच नाही.

माझ्याकडे धार उत्तम होती, म्हणून कार्बोरेटरचा बाऊल (खालची पेट्रोल साठणारी वाटी) उघडला. तळाला तपकिरी चिकट थर आणि पेट्रोलखाली पाण्याचे वेगळे थेंब. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, आणि ओल जास्त झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन खाली बसतं. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग) उजेडाकडे धरला तर गोल भोकाऐवजी नुसती चंद्रकोर दिसत होती. तिथे तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. मात्र रबराचे भाग आधी काढा, नाहीतर स्प्रेने फुगतात.

आता किटबद्दल. फ्लोटची (बाऊलमध्ये तरंगणाऱ्या भागाची) नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, अप्रतिम आहे. टोक सीटमध्ये स्वच्छ बसतं आणि बाऊल भरला की पेट्रोल खरोखर थांबतं. हीच नीडल गळली की पेट्रोल इंजिनमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर नीडल बदलाच, आणि ऑइल बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका. फिल्टर पारदर्शक आहे, कचरा बाहेरून दिसतो, बाण कार्बोरेटरकडे ठेवायचा. गॅस्केट ठीक. क्लिपा मात्र पातळ आहेत, घट्ट बसत नाहीत. पेट्रोलच्या पाइपावर असल्या क्लिपा मला मान्य नाहीत. मी चांगल्या आणून बसवल्या.

बाऊलखालचा सोलेनॉइड (विजेवर पेट्रोल उघड-बंद करणारी झडप) किटमध्ये येत नाही, त्याचं फक्त वॉशर येतं. किल्ली ऑन केल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. येत नसेल तर वायर आणि फ्यूज आधी तपासा. थ्रॉटलची दांडी (जिच्यावर इंजिनचा वेग कमी-जास्त करणारी झडप फिरते) हातात खडखडत असेल तर हे किट घेऊन उपयोग नाही. तिथून हवा ओढली जाते, तो कार्बोरेटर बदलावाच लागतो.

बसवल्यावर चोक आत ढकलला तरी इंजिन एका सुरात चाललं. पाती जोडून उंच, दाट गवतात घातलं तरी दबलं नाही. जुनं पेट्रोल अर्थातच सगळं काढून टाकलं होतं. टाकीत तेच ठेवलंत तर जेट पुन्हा भरेल.

पाचपैकी चार. एक गुण क्लिपांचा आणि त्या अपुऱ्या माहितीच्या कागदाचा कापला.