क्लीनिंग कॅसेट की हाताने पुसणं?

मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपच्या) कॅमेऱ्यात आवाज तुटतोय, चित्रात एक पट्टा स्वच्छ, एक चौकोनी ठिपक्यांचा? टेप बदलूनही तेच दिसलं, तर बहुधा टेप वाचणाऱ्या दोन हेडांपैकी एक मळलंय.

क्लीनिंग कॅसेट, म्हणजे हेड पुसणारी टेप असलेली कॅसेट, सोपी. दहा सेकंद चालवायची, रिवाइंड करायची नाही. पण ती खरखरीत असते, सारखी लावली तर हेड झिजतं.

हाताने पुसलं तर घट्ट मळही निघतो, पण हात स्थिर हवा. कॅमेरा बंद करून, शॅमॉयवर (मऊ चामड्याच्या तुकड्यावर) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) नुसतं टेकवायचं आणि ड्रम वरच्या कडेने बोटाने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटू शकतं. कापसाची काडी नकोच, तंतू अडकतात.

मी आधी कॅसेटच लावेन, फार तर दोनदा. आणि आजीच्या आवाजाची एकुलती एक टेप तोवर कॅमेऱ्यात घालणार नाही.