गॅरेट एस ३००आय मेटल डिटेक्टर: जमिनीतली जुनी नाणी शोधायला घ्यायचं तर हेच घ्या
इंग्लंडमधल्या केंटच्या एका शेतात, अर्थात शेतमालकाची परवानगी काढून, आम्ही मित्रमंडळी रविवारी हे घेऊन गेलो आणि खरं सांगते मशीन एकदम पैसा वसूल आहे. वजनाला हलकं, चार पेन्सिल सेल टाकले की झालं. लोखंडी खिळा असेल तर जाड आवाज, तांबं-चांदी असेल तर खणखणीत, नवख्यालाही लगेच कळतं. नांगरलेल्या मातीत ब्रिटनच्या तिसऱ्या जॉर्ज राजाची १७९७ ची कार्टव्हील पेनी (तांब्याचं नाणं) निघाली, चांगली जाडजूड, रुंद काठ आणि त्यात खोदलेली अक्षरं, अंगावर काटाच आला!! कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची खालची चकती, भिजली तरी चालते पण वरचा डबा नाही, पावसात झाकून ठेवा. आणि हो, तिथल्या कायद्याने खजिना ठरेल असं काही सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला) कळवायचं म्हणजे कळवायचंच.