आईसाठी वय वंदना कार्ड की मेडिक्लेम?

पॉलिसी रिन्यू करायचा महिना आला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हल्ली हाच विषय निघतो. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर योजनेतल्या हॉस्पिटलात फुकट उपचार होतात, उत्पन्न कोणी विचारत नाही. मग मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा? खरं तर दोन्ही ठेवता येतात. पण हप्ता खिशातून जातो, म्हणून प्रश्न पडतो.

मेडिक्लेममध्ये ओळखीचे डॉक्टर, घराजवळचं हॉस्पिटल, स्वतंत्र खोली. आईला जनरल वॉर्डात डोळ्याला डोळा लागत नाही, हे मी कमी लेखणार नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेला.

माझं मन उडालं ते खोलीभाड्याच्या कलमामुळे. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. पॉलिसी 3 लाखांची, भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 3 हजार. आम्ही 6 हजारांची खोली घेतली. म्हटलं, वरचे तीन आपण भरू. डिस्चार्जच्या दिवशी कळलं, भाडं दुप्पट म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट सगळंच त्याच प्रमाणात निम्मं मंजूर. औषधांना तेवढी कात्री लागली नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत बाबा चपला घालून पलंगावर बसलेले आणि मी काउंटरवर भागाकार करतोय.

आईची अँजिओप्लास्टी कार्डावर झाली. जवळच्या हॉस्पिटलात योजना होती, पण हृदयविकारासाठी नव्हती. ठाणं गाठावं लागलं. तेव्हा नुसतं यादीत हॉस्पिटलचं नाव बघून निघू नका, आपल्या आजाराचा विभाग योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) आधी विचारा. वॉर्ड अर्थातच जनरल. पण आईचा जुना मधुमेह कोणी आड आणला नाही (नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं), घरी येताना पंधरा दिवसांच्या गोळ्याही मिळाल्या. काउंटरवर फक्त सही केली.

वर्षाचे 5 लाख घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून असतात, हे मात्र धरून चला. आई-बाबा एकाच वर्षी आजारी पडले तर कमी पडतील कदाचित. ज्याची ऐपत आहे त्याने पॉलिसी ठेवावी, मी अडवणार नाही.

आईची मी यंदा रिन्यू केली नाही. माझी ठेवली आहे, पण खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या कंपनीत पोर्ट करून.