‘मिसिंग कलर, एकच नग’: टपाल तिकिटांतल्या बनावट एररची फसवणूक कशी होते

सुरुवात बहुतेक वेळा एका फोटोनं होते. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं एखादं साधं तिकीट, त्यातला एक रंग गायब, आणि खाली मजकूर: ‘मिसिंग कलर, कॅटलॉगमध्ये नोंद नाही, एकच नग.’ नेहमीचं तिकीट दहा-वीस रुपयांना मिळतं, हे पाच हजारांना, कारण छापखान्यातली चूक, म्हणजे ‘एरर’, संग्राहकांना हवी असते. सोबत एक इम्परफ (छिद्रं न पडलेलं तिकीट) आणि एक उलटा ओव्हरप्रिंट (तयार तिकिटावर नंतर छापलेली अक्षरं) घेतला तर सूट. पैसे यूपीआयनं जातात, पाकीट येतं, तिकीट अल्बममध्ये बसतं. पुढे कधीतरी प्रदर्शनासाठी किंवा विकण्यासाठी ते जाणकाराच्या भिंगाखाली जातं, तेव्हा कळतं की छापखान्यात काहीच चुकलं नव्हतं. चूक घरी बसून बनवलेली होती.

नवा संग्राहक इथेच हौस सोडून देतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. म्हणून एक प्रश्न मनाशी पक्का धरा: ही चूक छापखान्यात नेमकी कुठल्या पायरीवर झाली असेल? कागद, छपाई, डिंक, छिद्रण, ओव्हरप्रिंट यांपैकी एका पायरीवर ती बसवता आली, तरच पुढे बोलायचं.

रंग गायब असलेलं तिकीट घ्या. बहुरंगी फोटोग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. एका सिलिंडरची छाप पडली नाही तर तो रंग तिकिटावरून पूर्ण जातो, अर्धवट नाही. १० पट भिंगाखाली त्या रंगाचा एकही ठिपका दिसता कामा नये. एक जरी दिसला तरी ती फिकी छपाई आहे, तिची किंमत किरकोळ. त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे मिश्र रंगांची. हिरवं पान निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांनी बनलेलं असेल, तर पिवळा गेल्यावर पान निळं दिसलं पाहिजे. विक्रेता म्हणतो पिवळा गायब, आणि पान मात्र हिरवंच, तर पिवळा तिथे हजर आहे. मोकळ्या भागातला तेवढा कुणीतरी उडवलाय.

उडवायचे मार्ग दोन: ऊन आणि रसायन. पिवळा आणि गुलाबीसर लाल हे रंग उन्हात लवकर फिके पडतात, काळा आणि निळा जास्त टिकतो. उन्हात ठेवलेल्या तिकिटाचा मागचा डिंक शाबूत राहतो, म्हणून माणूस फसतो. अशा वेळी त्याच मालिकेतलं साधं तिकीट शेजारी ठेवून उरलेले रंग ताडून पाहा. खऱ्या मिसिंग कलरमध्ये बाकीचे रंग पूर्ण जोमात असतात, उन्हातल्या तिकिटात सगळेच थोडे थोडे उतरलेले असतात. ब्लीचसारखं रसायन वापरलं असेल तर कागदही बदलतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली साधं आणि ‘एरर’ तिकीट एकत्र धरलं की कागदाच्या चमकेतला फरक किंवा डाग दिसतो. एकट्या तिकिटावर टॉर्च मारून काही कळत नाही, जोडीला साधी प्रत हवीच.

ओल्या रसायनात डिंक धुऊन जातो, मग तो पुन्हा लावतात. मूळ शीटला आधी डिंक आणि नंतर छिद्रं पडलेली असतात, त्यामुळे तिकीट फाडून वेगळं केल्यावर कडेला जे दाते उरतात, त्यांच्या टोकाला कागदाचे तंतू मऊ आणि मोकळे दिसतात. नंतर लावलेला डिंक त्या तंतूंत शिरतो, दाते कडक होतात, कडेला चकाकी दिसते.

जुन्या लाल-नारिंगी तिकिटांचा वेगळा प्रकार आहे. शिशाचे घटक असलेला रंग हवेतल्या गंधकामुळे तपकिरी-काळपट होतो आणि तो ‘कलर एरर’ म्हणून विकला जातो. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडनं पुष्कळदा मूळ रंग परत येतो, यावरूनच कारण कळतं. मात्र डिंक असलेल्या किंवा महागड्या तिकिटावर हा प्रयोग कधीही करू नका.

इम्परफ हा सगळ्यात सोपा ठकवण्याचा माल आहे, कारण त्याला कात्री पुरते. नेहमीच्या तिकिटाचे दाते कापले की झालं. म्हणून सुटं इम्परफ घेऊच नये, न कापलेली जोडी मागावी, आणि दोन तिकिटांमधली जागा पूर्ण कोरी हवी. सुटं तिकीट समोर आलंच तर साधी प्रत त्यावर ठेवा. खरं इम्परफ साध्या तिकिटाच्या दात्यांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या मापाइतकं तरी भरतं. कापलेलं तिकीट दात्यांच्या खाचांपर्यंतच पोचतं. शीटच्या कडेचं किंवा छिद्रं सरकलेलं तिकीट वापरलं तर एखादी बाजू रुंद मिळते, पण चारही बाजू मिळवणं अवघड. जोडी असली तरी ती उलटी करून तिरप्या उजेडात पाहा. छिद्रं पाडणारी सुई टेकली पण आरपार गेली नाही तर बारीक खळगे उरतात. त्याला ब्लाइंड परफ म्हणतात, इम्परफ नव्हे, आणि किंमत पुष्कळ कमी.

१८५४ची दगडावरून छापलेली भारतीय तिकिटं मुळातच बिनछिद्री आहेत, हेही नवख्याला सांगायला हवं. अर्धा आण्याचं निळं तिकीट ‘इम्परफ एरर’ म्हणून विकणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. त्याच वर्षीच्या चार आण्यांच्या तिकिटावरचं राणीचं उलटं डोकं ही जगप्रसिद्ध चूक आहे, आणि ती होऊ शकली कारण लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळ्या फेऱ्यांत छापलं गेलं. एकाच रंगात एकाच वेळी छापलेल्या तिकिटात चौकट सरळ आणि डोकं उलटं येणं शक्यच नाही. तसं कुणी दाखवलं तर डोकं कापून उलटं चिकटवलेलं असतं, काप मागून उजेडात दिसतो.

ओव्हरप्रिंटमध्ये तर बनावटीचा सुळसुळाट आहे. चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा आणि पतियाळा या सहा संस्थानांसाठी ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर नाव छापलं जाई, आणि अक्षरं जुळवतानाच्या चुका खरोखर झाल्या. चंबाच्या इंग्रजी नावात ‘ए’ आणि ‘एम’ची अदलाबदल झालेली तिकिटं आहेत. म्हणूनच नकली माल खपतो. खिळ्यांनी (छापखान्यातल्या अक्षरांच्या धातूच्या ठशांनी) केलेला ओव्हरप्रिंट कागदात रुततो, अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद रेघ उमटते, पाठीमागे बोटाला किंवा तिरप्या उजेडात उठाव जाणवतो. लेझर प्रिंटरची अक्षरं कागदावर प्लास्टिकसारखी बसतात आणि आजूबाजूला टोनरचे सुटे कण दिसतात. इंकजेटची शाई तंतूंतून पसरते. तिकीट वापरलेलं असेल तर पोस्टाचा शिक्का ओव्हरप्रिंटच्या वर हवा. शिक्क्याच्या शाईवर ओव्हरप्रिंट चढलेला दिसला तर तपासणी तिथेच संपली.

१५ ऑगस्ट १९४८च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा ओव्हरप्रिंट असलेल्या फक्त १०० प्रती गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी होत्या. ती ‘आजोबांच्या संग्रहातून’ स्वस्तात मिळेल, अशी आशा धरू नका. मूळ तिकीटच बनावट असण्याचाही धोका आहे. खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉयझिए छापखान्यानं फोटोग्रॅव्ह्युअरनं छापलंय: भिंगाखाली चेहऱ्यावरच्या छटा गुळगुळीत उतरतात, ठिपक्यांची बारीक जाळी सगळीकडे एकसारखी असते आणि अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या दिसतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपके फुलांसारख्या गटांत दिसतात.

उरलेला माल म्हणजे धूळ. छपाईच्या वेळी कण अडकला की मध्ये ठिपका असलेलं पांढरं कडं उमटतं. ग्रॅव्ह्युअरमध्ये शाई पुसणारं पातं नीट बसलं नाही तर लांब रेघ येते, तीही नेहमी कागद धावतो त्याच दिशेनं. हे खरे असतात, पण तात्पुरते, पुढच्या काही शीटनंतर नाहीसे होणारे. प्लेटवरचा कायमचा दोष वेगळा. तो दर शीटवर त्याच जागी येतो, आणि तसा दावा करणाऱ्यानं शीटमधली जागा व दुसरी प्रत दाखवली पाहिजे. पाठीवर चित्राचा ठसा असेल तर तो आरशातल्यासारखा उलटा हवा, कारण खालच्या शीटची ओली शाई लागलेली असते. १९४९च्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची प्रतिमा उलटी गेली आणि १९५०मध्ये सुधारली, पण ती संपूर्ण छपाईतच होती. चूक असणं आणि दुर्मीळ असणं या दोन गोष्टी आहेत.

उलटा वॉटरमार्क, म्हणजे कागदातली जलखूण, तपासायला काही जण तिकीट काळ्या तबकात ठेवून बेन्झीन टाकतात. फोटोग्रॅव्ह्युअरच्या तिकिटांची शाई त्यात विरघळू शकते. तिथे काळ्या कागदावर पालथं ठेवून तिरपा उजेड पुरतो.

पैसे देण्याआधी पुढची आणि मागची बाजू १२०० डीपीआयवर स्कॅन करून मागा. मागची बाजू दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. प्रमाणपत्र असेल तर त्यावरच्या फोटोतले दाते एकेक करून ताडा: आखूड दाता, तिरका कोपरा. दोन तिकिटांचे दाते हुबेहूब सारखे नसतात. प्रमाणपत्राचा क्रमांक देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घ्या, विक्रेत्यानं पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. मोठ्या रकमेला ‘तज्ज्ञ समितीनं नाकारलं तर पूर्ण परतावा’ ही अट लेखी हवी. रॉयल फिलाटेलिक सोसायटी लंडनसारख्या संस्था तपासून प्रमाणपत्र देतात, त्याला फी आणि वेळ दोन्ही लागतं, म्हणून परताव्याची मुदतही तेवढी लांब लिहून घ्या.

पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा. तिकीट चिमट्यानंच हाताळा. भिजवू नका, बिजागरी (अल्बममध्ये चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी) लावू नका, जोडी सोडवू नका, नाहीतर विक्रेता ‘माल तुम्हीच बिघडवला’ म्हणेल. फसल्याचं लक्षात आलं तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जाहिरातीचा मजकूर, फोटो, संभाषण आणि व्यवहाराचा क्रमांक विक्रेत्यानं पुसण्याआधी जतन करा.

पैसे परत आले नाहीत तरी ते तिकीट पुढे कुणाला विकू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं ‘बनावट’ लिहा, साध्या प्रतीशेजारी वेगळ्या पानावर ठेवा, आणि पुढच्या वेळी फोटो समोर आला की आधी ते पान उघडा.