जॅकच्या भरवशावर ट्रेलर सोडू नका

सारंगखेड्याच्या यात्रेत शेवभाजीचं दुकान लावायचं म्हणून आम्ही दोन चाकांचा जुना ट्रेलर घेतला. धुळ्याकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्याच्या चार कोपऱ्यांना जॅक बसवले आणि चाकांना लावायला दोन ठोकळे दिले. जॅकचे ९,००० घेतले, ठोकळ्यांचे १,५०० वेगळे. "भरीव रबर शे. अन् चारी जॅक खाले घेतले का गाडीले काही व्हत नही, भाऊ," म्हणाला. बिल साध्या चिठ्ठीवर.

दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी जागा मिळाली, ती तापीकडे उतरती. त्याने सांगितलं तसंच केलं. उताराच्या बाजूला दोन्ही चाकांना एकेक ठोकळा लावला, चारी जॅक खाली घेतले आणि पिकअपचा हुक सोडला. आई आत भांडी लावत होती. ट्रेलर कण्हल्यासारखा वाजला आणि चालायला लागला. मागचे दोन्ही जॅक गुडघ्यात मोडल्यासारखे दुमडले. चार-पाच फुटांवर घोडेवाल्याचा चाऱ्याचा ढीग होता, त्यात अडकला म्हणून थांबला. आईच्या मनगटाला मार बसला. कढई अजून चढवली नव्हती. चढवली असती तर, हा विचार आजही झोपू देत नाही.

उजेडात पाहिलं तर ठोकळे आतून पोकळ प्लास्टिकचे, पापडासारखे चपटे झालेले. जॅकच्या तुटलेल्या वेल्डिंगवर लांबी (पुट्टी) भरून वर नवा रंग मारलेला. घेतानाच चुंबक फिरवलं असतं तर कळलं असतं, कारण जाड लांबीवर ते चिकटत नाही.

पण खरी फसवणूक त्या बोलण्यात होती. हे जॅक चांगले असते तरी ट्रेलर धरला नसता. आतल्या माणसांच्या चालण्याने गाडी डुलू नये, एवढंच त्यांचं काम. गाडी उचलणं, समतल करणं किंवा गडगडण्यापासून रोखणं हे त्यांचं काम नाही. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या आप्पांनी दुसऱ्या दिवशी सगळं नीट लावून दिलं. आधी खालच्या अंगाच्या चाकाखाली फळी घालून गाडी आडवी समतल केली. मग बाभळीचे ठोकळे प्रत्येक चाकाच्या पुढे आणि मागे घट्ट बसवले, आणि त्यानंतरच हुक सोडला. हुकाच्या पुढच्या दांड्याला वेगळा जॅक असतो, त्याने पुढची-मागची पातळी जुळवली. कोपऱ्यांचे न मोडलेले जॅक सगळ्यात शेवटी टेकवले, तेही खाली रुंद फळ्या ठेवून, कारण आपली काळी माती ओली झाली की जॅकचा पाय गिळते. निघताना याच्या उलट: जॅक वर, हुक जोडलेला, आणि ठोकळे सर्वांत शेवटी काढायचे.

त्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, "तुम्हीच चुकीचं लावलं." आता फोन उचलत नाही. चिठ्ठीवर ना शिक्का, ना जीएसटी नंबर. पैसे यूपीआयने दिले होते आणि "भरीव रबर, गॅरंटी" असा त्याचा व्हॉट्सॅप मेसेज माझ्याकडे आहे, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. मोडलेले जॅक आणि चपटे ठोकळे पोत्यात बांधून ठेवलेत. शहादा-शिरपूर भागात कुणी असा ट्रेलर घेणार असेल, तर आधी येऊन ते हातात घेऊन बघा.